बाबांना शुगर + फॅटी लिव्हर, हर्बल चहा द्यावा का?

नेरुळचा_मुलगा

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो. बाबा ६२ वर्षांचे, शुगर बरीच जुनी, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. आता चेकअपमध्ये सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आलं, एसजीपीटी ७८ आणि एसजीओटी ५४ (लिव्हरची एन्झाइम्स, दोन्ही वाढलेली). बाबांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावलेला नाही त्यामुळे घरात सगळेच चक्रावलेत. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, ३ महिन्यांनी परत टेस्ट करू, बास एवढंच.

आता झालंय असं की सकाळी ते ज्वेल ऑफ नवी मुंबईला चालायला जातात तिथल्या एका काकांनी हर्बल चहाचं पाकीट दिलंय. मागे लिहिलंय गुळवेल, गुडमार, दालचिनी, मेथी, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट "व इतर वनस्पती". सोबत व्हॉट्सॲपवर एक पेपर पण धाडला की मधुमेही उंदरांचं लिव्हर हर्बल चहाने सुधारलं. बाबा सकाळ-संध्याकाळ घ्यायला लागलेत, आई म्हणते झाडपाल्याने काय बिघडणार. मला मात्र धाकधूक वाटते. कोणाला खात्रीची माहिती असेल तर प्लीज सांगा.

कोपरी_लॅबवाली

दादा आधी ते पाकीट बंद करा, मग बाकीचं वाचा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, हे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. दारू न पिता फॅटी लिव्हर यात नवल काही नाही, टाइप २ शुगर असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना असतंच. इन्सुलिन नीट काम करत नाही, मग पोटावरची चरबी सुटून रक्तातून लिव्हरकडे जाते, आणि जास्तीच्या साखरेपासून लिव्हर स्वतःही चरबी बनवतं.

आता उंदरांचं. त्या प्रयोगांत बहुतेक वेळा उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात, त्याने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मरतात. मग काही आठवडे नळीने वनस्पतीचा अर्क पाजायचा, वजनाच्या मानाने भरपूर, आणि शेवटी लिव्हर काढून बघायचं. एसजीपीटी खाली येतं, सूज कमी दिसते, ते खरंच आहे, कोणी खोटं बोलत नाहीये. पण तुमच्या बाबांचा आजार वेगळ्या वाटेने आलाय आणि तो वर्षानुवर्षांचा आहे, सोबत दोन गोळ्या आहेत. उंदराला ग्लिमेपिराइड कोणी देत नव्हतं. माणसांवरचे अभ्यास छोटे आणि थोड्या काळाचे आहेत, त्यावरून चहाने लिव्हर बरं होतं असं म्हणता येत नाही.

रिपोर्टमध्ये प्लेटलेट किती आहेत ते टाका ना, त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळेल.

घोडबंदरची_सून

गुळवेल वाचलं आणि राहवलं नाही. कोविडच्या वेळी माझ्या सासूबाई रोज गुळवेलीचा काढा घ्यायच्या, आमच्या अख्ख्या सोसायटीत तेच चाललं होतं. हळूहळू जेवण जाईना, मग लघवी गडद व्हायला लागली, आम्हाला वाटलं पाणी कमी पितायत. डोळे पिवळे दिसले तेव्हा धावाधाव झाली. एसजीपीटी हजाराच्या वर. काढा बंद केला, स्टिरॉइड दिले, सावरायला कित्येक महिने गेले. शुगर त्यांनाही आहे आणि स्टिरॉइडने ती इतकी वाढली की इन्सुलिन घ्यावं लागलं. म्हणून हात जोडून सांगते, काय बिघडणार असं म्हणू नका.

नंतर कळलं की मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये असेच ६ पेशंट एका पेपरात मांडले होते आणि २०२२ मध्ये देशातल्या १३ सेंटरमधल्या ४३ पेशंटचा मोठा अभ्यास आला.

नौपाडा_वैद्य

मी स्वतः बीएएमएस आहे, गुळवेल वापरतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. २०२१ च्या त्या पेपरवर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली होती की वनस्पती नीट तपासलीच नाही, तशीच दिसणारी दुसरी जातही असते. तो मुद्दा मला पटतो. पण पेशंटचं लिव्हर सुजलं होतं हे त्याने पुसलं जात नाही आणि आधीच एसजीपीटी वाढलेल्या माणसाला मी गुळवेल देणार नाही. शिवाय "व इतर वनस्पती" म्हणजे काय? कुठलाही वैद्य असं प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही, द्रव्य आणि मात्रा दोन्ही लिहितो.

तुमच्या पाकिटात मला गुडमारचीही काळजी वाटते. तो साखर उतरवतो, ग्लिमेपिराइडही उतरवते, दोन्ही मिळून बाबांना चालताना घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. दालचिनी बाजारात मिळते ती बहुतेक कॅसिया, जाड सालीची. तिच्यात कुमारिन असतं, रोज चमचाभर घेतली तर लिव्हरला चांगली नाही. सिलोनची पातळ, विडीसारखी अनेक थरांची असते, एपीएमसीच्या मसाला मार्केटला विचारून घ्या. ग्रीन टी पानं उकळून घेतला तर सहसा त्रास नाही, एक्स्ट्रॅक्ट मात्र वेगळं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून ईजीसीजी (ग्रीन टीमधला मुख्य घटक) दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा जास्त गेलं तर लिव्हर एन्झाइम वाढू शकतात. तुमच्या पाकिटावर आकडा आहे का?

गवती चहा, आलं, पुदिना, बिनसाखरेचा, खुशाल द्या. तो औषध म्हणून नव्हे, साखरेच्या चहाची तलफ भागते म्हणून.

नेरुळचा_मुलगा

आकडा कुठेच नाही, आत्ता परत बघितलं. पाकीट काढून घेतलं, बाबा थोडे रुसलेत. प्लेटलेट २.१० लाख आहेत ताई.

कोपरी_लॅबवाली

बरं, तर हा हिशोब फिब-४ चा, म्हणजे लिव्हर कडक झालंय का याचा अंदाज देणारा आकडा. वय गुणिले एसजीओटी, ६२ × ५४ = ३३४८. खाली प्लेटलेट हजारात म्हणजे २१०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ७८ चं साधारण ८.८३, म्हणजे १८५४. भागाकार १.८. वयाच्या ६५ पर्यंत १.३ च्या खाली असेल तर निर्धास्त, २.६७ च्या वर असेल तर लिव्हर कडक झाल्याची शक्यता जास्त. बाबा मधोमध आहेत. घाबरू नका पण ३ महिने नुसते थांबूही नका, डॉक्टरांना हा आकडा दाखवून फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. सुई नाही, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. आणि तो चहा घेत होते हे नक्की सांगा, नाहीतर डॉक्टर वाढलेलं एसजीपीटी सगळं चरबीच्या खात्यावर टाकतील.

वजनाचं डॉक्टर म्हणाले ते हलक्यात घेऊ नका. ५ टक्के उतरलं तरी लिव्हरची चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूज उतरते. बाबा ८० किलो असतील तर ६ ते ८ किलो, रात्रीचा भात निम्मा आणि चालणं तर चालूच आहे. काळी कॉफी आवडत असेल तर घेऊ द्या, कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी दिसलंय.

घोडबंदरची_सून

आणि त्या काकांनाही सांगा हो, ग्रुपमध्ये अजून कोणाकोणाला पाकिटं दिलीत ते विचारा. कोणाचे डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं काही असेल तर त्याच दिवशी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घ्यायला सांगा.

नेरुळचा_मुलगा

उद्या सकाळी बाबांबरोबर मीच जातो चालायला, काकांशी नीट बोलतो. फायब्रोस्कॅनला उपाशीपोटी जायचं असतं का?

कोपरी_लॅबवाली

हो, निदान ३ तास काही खाल्लेलं नको. पण गोळ्यांमुळे शुगर उतरू नये म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या, ग्लिमेपिराइड टेस्ट झाल्यावर नाश्त्याबरोबर द्यायची का ते डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि डबा सोबत न्या.