ढकलपत्रातला दारूचा इतिहास: यात खरं किती?

चौकस_भोचक
'दारूने घडवलेला इतिहास' नावाचं एक ढकलपत्र फिरतंय. त्यातले दावे असे: लंडनमध्ये १८१४ साली बिअरचा पूर आला आणि लोक ती पिऊन पिऊन मेले. डब्लिनमध्ये १८७५ साली व्हिस्कीच्या गोदामाला आग लागली; भाजून एकही माणूस दगावला नाही, जे गेले ते पिऊन गेले. ब्रिटिश आरमारात रममध्ये पाणी घातलंय का हे बंदुकीच्या दारूने तपासत. आणि १७८८ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने दारूच्या पिंपांवरून आपसांतच लढून १०,००० माणसं मारली. जाणकारांनी निवाडा करावा. नुसतं खरं-खोटं नको, कसं घडलं तेही लिहा.

पिंपवाला
लंडनचा पूर खरा, पिऊन मरणं ही मागाहून लावलेली फोडणी.

१७ ऑक्टोबर १८१४, टॉटनहॅम कोर्ट रोडच्या टोकाची हॉर्स शू ब्रुअरी. पोर्टर ही काळी बिअर महिनोन्‌महिने मुरवत, त्यासाठी अवाढव्य लाकडी टाक्या असत. ही टाकी २२ फूट उंच, फळ्या आवळून धरायला बाहेरून लोखंडी कडी. दुपारी साडेचारच्या सुमारास त्यातलं एक कडं निसटलं. वजन जवळपास ७०० पौंड, म्हणजे तीनशे किलोंहून जास्त. पण वर्षातून दोन-तीनदा हे व्हायचंच, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. गोदाम सांभाळणाऱ्या जॉर्ज क्रिकने रीतसर दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली. तासाभराने टाकी फुटली तेव्हा ती चिठ्ठी त्याच्या हातातच होती.

आत ३,५५५ बॅरल माल होता. ३६ गॅलनचं एक बॅरल धरलं तर पावणेसहा लाख लिटरच्या वर. लोंढ्याने मागची भिंत पाडली आणि पलीकडच्या गरीब वस्तीतली तळघरं भरली. ८ जण गेले, सगळ्या बायका आणि मुलं. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत पिऊन मेल्याचं अवाक्षर नाही, त्यामुळे या गोष्टीत विनोद शोधायचाच असेल तर तो हिशेबाच्या वहीत शोधा: वाहून गेलेल्या बिअरवर आधीच भरलेला अबकारी कर कंपनीने संसदेकडे अर्ज करून परत मिळवला, सुमारे ७,२५० पौंड.

राखुंडा
डब्लिनचा दावा मात्र जसाच्या तसा खरा. १८ जून १८७५ ची रात्र, लिबर्टीज भागातलं मालोन यांचं गोदाम, सुमारे ५,००० पिंपं. पिंपं फुटली आणि पेटती व्हिस्की गटारातून रस्त्याला लागली. अग्निशमन दलाचा प्रमुख जेम्स इनग्रॅम याने पाणी मारू दिलं नाही. रॉकेल-पेट्रोलसारखी व्हिस्की पाण्यावर तरंगेल आणि आग आणखी दूर जाईल, अशी त्याची धास्ती होती.

शास्त्र म्हणून हे चूक आहे, अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळतं. पण निर्णय बरोबर होता. पिंपातल्या व्हिस्कीत अल्कोहोल ६० टक्क्यांच्या आसपास धरा. ती २० टक्क्यांवर आणायची तर दर लिटरला दोन लिटर पाणी हवं, आणि २० टक्क्यांचं मिश्रणसुद्धा ३६ अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. जळत्या ओघळाला ३६ अंश म्हणजे काहीच नाही. एवढं पाणी मिळेपर्यंत ओघळ तिप्पट होऊन पुढची गल्ली गाठणार. म्हणून आधी वाळू आणि खडी टाकली. तेवढ्याने भागेना, तेव्हा घोड्यांची लीद गाड्या भरभरून आणवली आणि रस्त्यात बांध घातले. ओली लीद द्रव शोषते आणि हवा तोडते. शहरभर घोडे असल्याने साठ्याची चिंता नव्हती.

मरण पावले १३. टोप्या, बूट, हाताला येईल त्यात भरून लोक प्याले. अर्धा लिटर म्हणजे सुमारे २३५ ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. ६० किलोच्या माणसाने ते भराभर घेतलं तर रक्तातलं प्रमाण ०.५ टक्क्याच्या वर जातं, आणि ०.४ नंतर श्वासच बंद पडू शकतो.

कप्तान_फडताळ
तिसरा दावा अर्धा खरा. दारूची परीक्षा दारूने घेत, पण तिचा भरवसा नव्हता.

रीत सोपी: चिमूटभर बंदुकीची दारू मद्यात भिजवायची आणि पेटवायची. पेटली तर माल कडक, नुसती फुसफुसली तर पाणी घातलंय. घोटाळा मद्य किती ओतलं त्यात आहे. थेंबभर ओतलं तर अल्कोहोल जळून जातं, मागे उरलेल्या पाण्याने भुकटी जेमतेम दमट होते आणि पाणचट मालही पास होतो. सढळ हाताने ओतलं तर उत्तम मालातलं पाणीही भुकटी भिजवायला पुरतं आणि तो नापास. म्हणजे तपासणाऱ्याच्या मनगटावर सगळा खेळ. कर वसूल करायला हे चालेना, म्हणून १८१६ साली कायद्याने साइक्सचा पितळी हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारं उपकरण, आला. ५१ अंश फॅरनहाइटला मद्याचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ भरलं की ते 'प्रूफ' (१०० प्रूफ), आजच्या भाषेत ५७ टक्के अल्कोहोल.

आता गंमत बघा. आरमाराची रम अखेरीस ९५.५ प्रूफ, म्हणजे साधारण ५४.५ टक्के होती. 'नेव्ही स्ट्रेंग्थ' (आरमारी कडकपणा) म्हणून बाटल्यांवर ५७ छापतात, त्या हिशेबाने आरमाराचीच रम नापास!

शिवाय खलाशांना ती बहुतेक काळ पाणी घालूनच मिळे. ॲडमिरल व्हर्ननने ऑगस्ट १७४० मध्ये हुकूम काढला: अर्धा पाइंट रमला एक क्वार्ट पाणी, म्हणजे एकास चार, मिसळायचं अधिकाऱ्यासमोर, वाटायचं दिवसातून दोनदा. निव्वळ रम साठवून ठेवता येते आणि मग एकदम ढोसता येते. पाणी घातलेली लवकर बेचव होते, ती तिथेच संपवावी लागते. पुढे माप घटत घटत ७१ मिलिलिटरवर आलं आणि ३१ जुलै १९७० ला वाटप बंद झालं.

मांजरपाट
चौथं, ऑस्ट्रियाच्या सैन्याचं: आजच्या रुमानियातल्या कारान्सेबेश गावाजवळच्या माघारीत रात्री घबराट उडाली, आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, सामान गेलं, इतकं धरून चाला. पिंपांचं भांडण आणि १०,००० चा आकडा कित्येक दशकांनंतरच्या लेखनातून आलाय.

त्यापेक्षा १७३६ चा लंडनचा जिन कायदा बघा. किरकोळ विक्रीचा परवाना वर्षाला ५० पौंड, आणि चोरून विकणाऱ्याची खबर देणाऱ्याला ५ पौंड बक्षीस. डडली ब्रॅडस्ट्रीट नावाच्या इसमाने कायदा बारकाईने वाचला आणि त्याला फट सापडली: भाडेकरूचं नाव माहीत असल्याशिवाय खबऱ्याला पुढे काही करता येत नव्हतं. त्याने ओळखीच्या माणसाकरवी ब्लू अँकर ॲलीत घर घेतलं, १३ पौंडांची जिन भरली आणि खिडकीवर लाकडी मांजर ठोकलं. मांजराच्या तोंडात नाणं टाकायचं. पंजाखालून शिशाची नळी इंचभर बाहेर आलेली, आतल्या टोकाला नरसाळं. गिऱ्हाईक म्हणणार, 'मनी, दोन पेनीची जिन दे', आतून ब्रॅडस्ट्रीट ओतणार. लवकरच त्याच्या नकला निघाल्या.

चौकस_भोचक
भारी! पण पैसे टाकले आणि नळीतून काहीच आलं नाही, तर तक्रार कोणाकडे?

मांजरपाट
दंडाधिकाऱ्याकडे. फक्त विकणाऱ्याचं नाव सांगावं लागेल. :)