टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड कमी नव्हे
ताई, आईंचा टीएसएच ०.०१ आलाय म्हणून 'थायरॉईड कमी झालाय' असं लिहिलंय तुम्ही, पण इथे गणित उलटं असतं हो. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉईडला 'हार्मोन बनव' असा हुकूम, रक्तात टी३-टी४ (थायरॉईडची हार्मोन्स) जास्त झालं की ती हुकूम सोडायचंच जवळपास बंद करते, म्हणून फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४) आणि टी३ पण बघा. ग्रेव्ह्ज (शरीराच्याच अँटीबॉडीज थायरॉईडला जास्त काम करायला लावतात तो आजार) असेल तर टीआरएबी ही अँटीबॉडी सहसा पॉझिटिव्ह येते, थायरॉईडमधली गाठ जास्त काम करत असेल तर स्कॅनमध्ये तेवढाच भाग उजळतो, आणि नुसती ग्रंथीला सूज असेल तर साठलेलं हार्मोन गळत असतं, तिथे कार्बिमाझोलचा (नवं हार्मोन बनणं रोखणारी गोळी) उपयोग नसतो. आणि हो, केसांसाठी बायोटिनच्या (एक व्हिटॅमिन) गोळ्या चालू आहेत का? त्याने तपासणीत टीएसएच खोटा कमी दिसू शकतो. माझा रिपोर्ट त्यानेच बिघडला होता, तीन दिवस बंद ठेवून परत रक्त दिलं तर टीएसएच २.१, एकदम नॉर्मल!