मदत हवी आहे: न्यू जर्सीत सेक्शन ८ व्हाउचर असलेला भाडेकरू नाकारता येतो का?

नमस्कार मंडळी. एडिसनमधला आमचा दोन बेडरूमचा काँडो भाड्याने द्यायचाय, भाडं २,४०० डॉलर. आलेल्या अर्जांत एक बाई आहेत: दोन मुलं, अर्धवेळ नोकरी आणि सेक्शन ८ चं व्हाउचर (कमी उत्पन्नवाल्यांना भाड्यासाठी मिळणारी केंद्र सरकारची मदत). आधीच्या घरमालकाने त्यांच्याबद्दल चांगलंच लिहून दिलंय. भाड्याचा मोठा भाग सरकारकडून येणार, म्हणून मला त्या पसंत आहेत. पण ब्रोकर म्हणतो, "या भानगडीत पडू नका. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं ही अट दाखवा, आपोआप गळतील." ह्यूस्टनचे एक काका तर जाहिरातीतच 'सेक्शन ८ नको' लिहितात म्हणे. इथे हे चालतं का? आणि सरकारी तपासणीत घर नापास झालं तर?

प्रतिसाद १
काकांचं टेक्सास वेगळं, तुमचं न्यू जर्सी वेगळं. १९६८ च्या केंद्रीय फेअर हाउसिंग कायद्यात वंश, धर्म, अपंगत्व वगैरे येतं, उत्पन्नाचा स्रोत येत नाही. त्यामुळे सगळं राज्यावर अवलंबून. ऑस्टिन शहराने व्हाउचरवाल्यांना नाकारायला मनाई केली, तर २०१५ मध्ये टेक्सासने शहरांना असे नियम करायलाच बंदी घातली! न्यू जर्सीत मात्र भेदभावविरोधी कायद्याखाली व्हाउचर आहे म्हणून नाकारता येत नाही. १९९९ च्या फ्रँकलिन टॉवर वन खटल्यात घरमालकाचं म्हणणं होतं की केंद्राच्या योजनेत भाग घेणं ऐच्छिक आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही.

तिप्पटची अट लावा, पण फक्त त्यांच्या वाट्याच्या भाड्यावर. भाडेकरू साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भरतो. समजा त्यांचा वाटा ५०० डॉलर आला, तर उत्पन्न १,५०० पुरे, ७,२०० मागायचं नाही. ब्रोकरलाही हे ऐकवा, कायदा त्यालाही लागू आहे. पहिल्याच उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दोन कुटुंबांच्या घरात मालक स्वतः राहत असेल तर दुसऱ्या भागापुरती सूट आहे, पण तुमचा काँडो त्यात बसत नाही.

प्रतिसाद २
माझ्याकडे व्हाउचरवाले भाडेकरू आहेत. तपासणीचा बाऊ करू नका. स्मोक डिटेक्टर, गरम पाणी, खिडक्या नीट बंद होतात का, असलंच बघतात. घर १९७८ च्या आधीचं असेल तर उखडलेला रंगही. काही निघालं तर दुरुस्तीला मुदत देऊन पुन्हा येतात. खरी अडचण वेळेची: घर पास होऊन करार झाल्याशिवाय सरकारी हिस्सा सुरू होत नाही, तेवढे आठवडे हिशोबात धरा. आणि ठरलेल्या भाड्यावर वरून रोख घ्यायचं नाही, काही जण घेतात आणि गोत्यात येतात. आधीच्या भाड्याचा इतिहास जरूर बघा, पण सगळ्यांचा सारखाच. गुन्हेगारी पार्श्वभूमी मात्र सशर्त होकार दिल्याशिवाय विचारायची नाही, २०२२ पासून तसा कायदा आहे.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. एकच शंका: बाईंच्या दोन दिवस आधी एका जोडप्याचा पूर्ण अर्ज आलाय, त्यांचंही सगळं ठीक आहे. त्यांना आधी विचारलं तर?

प्रतिसाद १
पहिला येईल त्याला पहिलं, हा नियम सगळ्यांना लावत असाल तर हरकत नाही. अर्ज कधी आला, पूर्ण कधी झाला, तारखा लिहून ठेवा. जोडप्याने नाही म्हटलं तर पुढचा नंबर बाईंचाच, तिथे ब्रोकरचं ऐकू नका.