शब्दचर्चा: ‘कानजू’ला मराठीत काय म्हणावं?

जपानमधल्या आओगाशिमा बेटावर एक टिपण लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. टोकियोच्या दक्षिणेला साडेतीनशे किलोमीटरवर, भर समुद्रात ज्वालामुखीचं तोंड पाण्याबाहेर आलेलं, तेच बेट. वस्ती दोनशेच्याही आत. पण कारभार टोकियोचा, त्यामुळे तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर टोकियोतल्या शिनागावाचं नाव असतं!

१७८५ साली ज्वालामुखी फुटला तेव्हा बेटावर ३२७ माणसं होती. उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवरच्या हाचिजोजिमा (हाचिजो) बेटाहून बोटी आल्या. दोनशेच्या आसपास लोक सुटले, मागे राहिले ते गेलेच. सुटलेले हाचिजोवर आश्रितासारखे राहिले. परतायचे प्रयत्न झाले, पण मधे कुरोशिओ हा दांडगा सागरी प्रवाह. बोटी भरकटल्या, माणसं बुडाली. शेवटी सासाकी जिरोदायू या गावप्रमुखाने हळूहळू लोक परत नेले आणि १८३५ मध्ये बेटावर जमीनमोजणी झाली, तेव्हा गाव पुन्हा वसलं असं मानलं गेलं. पन्नास वर्षं लागली.

या परतण्याला ‘कानजू’ म्हणतात. दोन चित्राक्षरं: पहिलं ‘परतणे’, दुसरं ‘राहणे’. बेटाच्या बोटीचं नाव बरीच वर्षं ‘कानजू-मारू’ होतं, तिथलं ढोलवादनही ‘कानजू-दाइको’. मी ‘पुनर्वसन’ लिहिलं आणि खोडलं. काय लिहावं?

प्रतिसाद १
खोडलंत ते बरं केलंत. व्युत्पत्तीने ‘पुनर्वसन’ अगदी चपखल आहे, पुन्हा वसणे. पण वापराने त्याचा अर्थ उलटा झालाय. कोयनेचे धरणग्रस्त रायगड-ठाण्याकडे वसवले, त्याला आपण पुनर्वसन म्हणतो. म्हणजे सरकारने दुसरीकडे नेऊन ठेवणे. त्या हिशेबाने आओगाशिमाच्या लोकांचं पुनर्वसन हाचिजोवर झालं, आणि त्यांना तेच नको होतं. ‘घरवापसी’ सुचेल कुणाला, पण तो शब्द राजकारणाने पळवलाय.

प्रतिसाद २
जुन्या कागदांत बघा. ओस पडलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणत. लोकांना त्यात राख दिसते, पण मूळ फारसी ‘बेचिराग’, ज्या गावात दिवा लागत नाही ते. तुमच्या बेटाला दोन्ही अर्थ लागू, हा योगायोगच. असं गाव पुन्हा उभं करायचं तर कौल म्हणजे सवलतीचं लेखी अभय द्यायचे, इस्तावा ठरवायचे, म्हणजे शेतसारा पहिल्या वर्षी नाममात्र, मग चढता. आणि गाव नांदतं झालं की ‘मामूर’ झालं म्हणायचे. १८३५ची मोजणी वाचून मला हेच आठवलं. मोजणी झाली म्हणजे सारा सुरू, सारा सुरू म्हणजे गाव दप्तरी जिवंत.

प्रतिसाद ३
मामूर छान आहे, पण आज किती जणांना कळणार? आणि त्यात ‘परत’ कुठे आहे? कोणीही येऊन वसलं तरी गाव मामूरच.

दुसरं, पन्नास वर्षांत हाचिजोवर पोरं जन्मली, त्यांची पोरं जन्मली. त्यांनी बेट पाहिलेलंच नव्हतं. तरी ती ‘परतली’ असंच म्हणायचं ना? आमचे आजोबा परळच्या चाळीत जन्मले, तरी गणपतीला ‘गावाक जातंय’ म्हणायचे. कधी ‘मालवणला फिरायला’ म्हणाले नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता
हे पटलं. ‘गाव परत नांदतं झालं’ असं लिहितो. एका शब्दाचं काम वाक्याने होतंय, चालेल. शीर्षकात मात्र ‘कानजू’च ठेवतो.

जाता जाता आणखी एक. बेटावर जमिनीच्या भेगांतून गरम वाफ येते, तिला स्थानिक बोलीत ‘हिंग्या’ म्हणतात. त्या वाफेवर लोक बटाटे-अंडी उकडतात, समुद्राचं पाणी आटवून मीठ काढतात. ‘उन्हाळं’ (गरम पाण्याचा झरा) लिहू का?

प्रतिसाद ३
नको. उन्हाळं म्हटलं की पाणी लागतं, कोकणातल्या उन्हवऱ्याच्या झऱ्यांवर जाऊन बघा. नुसती वाफ असेल तर ‘वाफारा’. सर्दीत डोक्यावर टॉवेल घेऊन घेतो तोच.