डाल्टन कॅपिटल की स्मॉल? अर्जंट मदत हवी आहे

निळी_शाई: इंग्रजीत डाल्टन लिहिताना डी कॅपिटल की स्मॉल? गाईडनी थीसिसच्या चॅप्टरमध्ये जिथे जिथे तो शब्द आहे तिथे लाल गोल मारून परत दिलंय, कारण काही लिहिलेलं नाही, गूगलवर दोन्ही दिसतंय. उद्या प्रिंटला द्यायचंय, प्लीज कुणीतरी एका ओळीत सांगा.

बोरकूट: माणसाचं नाव आहे, कॅपिटलच. जॉन डाल्टन, जन्म १७६६, इंग्लंडमधल्या ईगल्सफील्डचा विणकराचा मुलगा, अणुसिद्धांतवाला. हवामानाच्या नोंदी तर मरायच्या आदल्या दिवसापर्यंत ठेवत होता.

मावळतीकर: वाक्य टाक ना आधी. युनिट, नियम की रंगांधळेपणा? तिन्हीला त्याचंच नाव आहे.

निळी_शाई: प्रोटीन हो! बीएसए म्हणजे गाईच्या रक्तातलं प्रोटीन, त्याचा जेलवरचा बँड (पट्टा) ६६ किलोडाल्टनला आला, असं.

मावळतीकर: मग युनिट, रेणूच्या वस्तुमानाचं. पूर्ण शब्द लिहिलास तर स्मॉल डी, न्यूटन पास्कलसारखंच. चिन्ह लिहिलंस तर डी कॅपिटल, ए स्मॉल. डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम म्हणताना मात्र कॅपिटल, तिथे माणूस आहे.

ठाण्याची_काकू: आम्हाला बीएडला डाल्टन प्लॅन ही शिकवण्याची पद्धत होती बरं, त्यात कायम कॅपिटलच लिहायचो. याच शास्त्रज्ञाची पद्धत ना ती?

मावळतीकर: नाही काकू, ती हेलन पार्कहर्स्ट बाईंची, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावावरून. या डाल्टनचा काही संबंध नाही.

बोरकूट: रंगांधळेपणाचं निघालंच आहे तर, डाल्टनिझम हा शब्द इंग्रजीत आता फार कुणी वापरत नाही, फ्रेंच स्पॅनिशमध्ये मात्र तोच रोजचा. डाल्टन स्वतः रंगांधळा. जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल, त्याच्या भावालाही तसंच दिसायचं. १७९४ ला त्यावर पेपर वाचला, म्हणाला डोळ्यातला द्रव निळा असणार. मेल्यावर डोळे तपासले तर द्रव स्वच्छ, आणि १९९५ मध्ये जपून ठेवलेल्या डोळ्याचा डीएनए काढला तेव्हा कळलं की हिरव्याचं रंगद्रव्यच नव्हतं.

हिरवा_सिग्नल: माझ्या मुलाला आहे हे. लायसन्सचं टेन्शन घेऊ नका कुणी, २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असला तरी मिळतं.

निळी_शाई: अहो माझं राहिलं ना! मी पूर्ण शब्द लिहिलेलाच नाही, के-डी-ए लिहिलंय.

मावळतीकर: कसं टाइप केलंयस ते सांग. तिन्ही कॅपिटल?

निळी_शाई: हो, आणि आकड्याला चिकटून. 'मॉलिक्युलर वेट ६६ के-डी-ए'.

मावळतीकर: मग गोल त्यालाच आहेत. कॅपिटल के म्हणजे केल्विन, तापमानाचं युनिट. के स्मॉल कर, डी कॅपिटल, ए स्मॉल, आणि आकड्यानंतर एक स्पेस.

जेलवाला: तेवढ्याने भागणार नाही. मॉलिक्युलर वेट हे गुणोत्तर आहे, त्याला युनिट लागत नाही. डाल्टन लावायचा असेल तर मॉलिक्युलर मास लिही.

बोरकूट: सगळे पेपर वेटच लिहितात, उगाच घाबरवू नका तिला.

जेलवाला: लिहितात म्हणून बरोबर होत नाही. एक डाल्टन म्हणजे कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग, ते वस्तुमान आहे, म्हणून मास. माझ्याही गाईडनी यावर अख्खं टेबल परत पाठवलं होतं.

निळी_शाई: दोन्ही बदलते. आणि ग्राफच्या अक्षावर काय लिहू, तिथे तर लॉग घेतलाय?