'हितसंबंध' या शब्दालाच डाग का?

ब्रिटनमधल्या मंत्र्यांच्या वर्तनाच्या नियमांवर लिहितोय. 'आचारसंहिता' म्हटलं की आपल्याला आधी निवडणूकच आठवते. दुसरा शब्द आहे का? आणि मंत्र्यांचं वागणं तपासणाऱ्या तिथल्या सल्लागारांना 'नीती-लोकपाल' म्हटलं तर?

– आचारसंहिता राहू द्या. आधी 'मंत्र्यांची' आलं की निवडणूक आपोआप गळते. क्रियापद तेवढं सांभाळा: निवडणुकीची 'लागते' आणि 'उठते', ही पाळतात किंवा मोडतात.

लोकपाल मात्र नको. त्या शब्दामागे आपल्याकडे २०१३चा कायदा आहे. तिथला माणूस पंतप्रधानांना सल्ला देतो, निकाल नाही. २०२०मध्ये गृहमंत्री प्रीती पटेल यांच्याकडून, नकळत का होईना, संहितेचा भंग झाला असं तेव्हाचे सल्लागार ॲलेक्स ॲलन यांनी कळवलं. पंतप्रधान जॉन्सन यांना ते पटलं नाही. पटेल पदावर राहिल्या, राजीनामा ॲलन यांनी दिला! २०२४पासून सल्लागाराला स्वतःहून चौकशी सुरू करता येते, पण कारवाईचा निर्णय अजूनही पंतप्रधानांचाच. म्हणून 'स्वतंत्र सल्लागार' हेच नीट.

– मला 'हितसंबंध' जास्त अडतो. मराठीत हितसंबंध नुसते नसतातच, ते 'गुंतलेले' असतात. तिथे मंत्र्यांच्या हितसंबंधांची यादी प्रसिद्ध होते. मंत्र्याचे शेअर, विश्वस्तपद, गरज असेल तिथे जोडीदाराचा व्यवसायसुद्धा. असणं हा दोष नाही, लपवणं हा आहे. पण मराठीत 'मंत्र्यांच्या हितसंबंधांची यादी' हे आरोपपत्राचं नाव वाटतं. ('स्वारस्य' सुचवू नका. मंत्र्यांना बागकामात स्वारस्य, असं होईल.)

– आपल्या मंत्र्यांच्या शपथेतला शब्द बघा ना: 'ममत्वभाव किंवा आकस' न बाळगता. ममत्व म्हणजे 'हे माझं' ही ओढ. 'हितसंघर्ष' (conflict of interest) वाचताना दोन गट भांडतायत असं वाटतं, ममत्वात ओढाताण एकाच माणसाच्या आत आहे.

– शब्द सुरेख, पण शेअरबद्दल ममत्व? भाच्याच्या कंत्राटाला चालेल. शिवाय ममत्व मनात असतं, ते नोंदवायचं कसं?

– मूळ प्रश्न माझाच. 'हितसंबंध'च ठेवतो, पण आधी 'जाहीर केलेले' जोडतो: 'मंत्र्यांनी जाहीर केलेले हितसंबंध'. डाग बराच फिका होतोय. ममत्व भाच्यासाठी राखून ठेवलंय.