गहाळ, एनसी की एफआयआर? हातातला कागद नीट वाचा

(सोसायटीच्या ग्रुपवरचा संवाद. नावांच्या जागी फ्लॅट क्रमांक आहेत.)

बी-४०३: पार्किंगमधून मुलाची सायकल गेली. साखळीचं कुलूप तुटून खाली पडलेलं होतं. ठाण्यातून कागद मिळालाय, त्यावर "गहाळ" लिहिलंय. एफआयआर झाला असं धरायचं ना?

सी-७०४ (वकील): नाही दादा. गहाळ म्हणजे तुमच्याच हातून हरवली. असली नोंद दुसरं सिमकार्ड किंवा ओळखपत्र काढायला चालते, तिच्यावर चोराचा शोध होत नाही. कुलूप तुटलंय, म्हणजे तुमच्या संमतीशिवाय कोणीतरी लबाडीने वस्तू हलवली. कायद्यात हीच चोरी, भारतीय न्याय संहिता कलम ३०३. सायकल कितीची? बिल आहे?

बी-४०३: साडेअकरा हजार. बिल आहे.

सी-७०४ (वकील): मग बिल घेऊनच जा, कारण सगळं किमतीवर अडतं. माल ५,००० रुपयांच्या आतला असला तर ती चोरी अदखलपात्र धरली जाऊ शकते. त्याच्या वर किंमत असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत. बिल नसलं की किंमत अंदाजाने लिहिली जाते आणि ती बहुतेक कमीच लिहिली जाते.

डी-२०१: दखलपात्र म्हणजे नेमकं काय? गंभीर असा अर्थ का?

सी-७०४ (वकील): गंभीरपणा त्यात असतो, पण अर्थ तो नाही. दखलपात्र म्हणजे पोलिस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अशी माहिती मिळाल्यावर जी नोंद होते ती एफआयआर. अदखलपात्र असेल तर फक्त एनसी (नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), आणि मॅजिस्ट्रेटचा आदेश आल्याशिवाय तपास नाही.

ए-१०२ (निवृत्त पोलिस अधिकारी): कागदावर "गु.र.क्र." (गुन्हा रजिस्टर क्रमांक) असेल तर गुन्हा दाखल झाला. "एन.सी. क्र." असेल तर नाही. यापैकी काहीच नसेल आणि नुसता आवक शिक्का असेल, तर तो फक्त तक्रार अर्ज आहे.

४०३, उद्या लेखी तक्रार दोन प्रतींत न्या. त्यात सायकलची कंपनी, रंग, फ्रेम नंबर, शेवटची किती वाजता पाहिली आणि किती वाजता दिसेनाशी झाली हे लिहा. तुटलेलं कुलूप पुसू नका, फेकू नका. ते कुठे पडलं होतं त्याचा फोटो काढा आणि कुलूप पंचनाम्यात द्या. लिहून घेतलेला जबाब वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे.

बी-४०३: आणि घेतलाच नाही तर?

ए-१०२ (निवृत्त पोलिस अधिकारी): आधी वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. नाही जमलं तर तीच तक्रार पोस्टाने पोलिस अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा. पुढे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायची वेळ आली तर ही पायरी झाली होती हे दाखवावं लागतं आणि सोबत प्रतिज्ञापत्रही जोडावं लागतं. बरेच अर्ज इथेच मागे पडतात.

सी-५०२: ग्रुपवर कोणीतरी "आपल्याकडे दरोडा पडला" लिहिलंय!

ए-१०२ (निवृत्त पोलिस अधिकारी): दरोड्याला किमान पाच जण लागतात. चोरी करताना मारहाण केली किंवा तिथल्या तिथे धाक घातला तर जबरी चोरी, आणि तीच पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली तर दरोडा. गळ्यातली साखळी हिसकावणं याला आता वेगळं कलम आहे, ३०४. इथे ना माणूस दिसला ना धाक होता, म्हणजे साधी चोरी. तक्रारीत मोठा शब्द घालून गुन्हा मोठा होत नाही, उलट पुढे जबाबात विसंगती दिसते.

बी-६०१: रविवारी पार्किंगवरून झालेल्या हाणामारीत नाकातून रक्त आलं, तरी एनसीच दिली. हे कसं?

ए-१०२ (निवृत्त पोलिस अधिकारी): रक्त किती आलं यावर ठरत नाही. हाताने मारलेली साधी दुखापत म्हणजे न्याय संहितेचं कलम ११५(२), ती अदखलपात्र. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ३२३. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला नवी कलमं, त्याआधीच्या घटनेला जुनीच. हाड किंवा दात मोडला, हाड निखळलं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या तर ती गंभीर दुखापत आणि मग दखलपात्र. (वेदनेची मुदत आधी २० दिवस होती.) हत्याराने मारलं असेल तर दुखापत साधी असली तरी दखलपात्र.

म्हणून नाकाचा एक्स-रे काढा. फ्रॅक्चर निघालं तर एनसी क्रमांक घालून अहवाल ठाण्यात लेखी द्या, गंभीर दुखापतीचं कलम लावून गुन्हा नोंदवता येतो. एनसी म्हणजे प्रकरण संपलं असं समजू नका. उपचार घेताना डॉक्टरांना "मारहाण झाली" हेच सांगा. पडलो असं सांगितलं की केसपेपरवर तेच उतरतं आणि नंतर निस्तरता येत नाही.

सी-७०४ (वकील): यात एक गंमत नीट पाहा. गंभीर दुखापत (११७(२)) दखलपात्र आहे, तरी जामीनपात्र आहे. दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. दखलपात्र हा पोलिसांच्या अधिकाराचा प्रश्न. जामीनपात्र असेल तर जामीन हक्काने मिळतो, ठाण्यातूनसुद्धा. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. आणि ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच अटक व्हायलाच हवी असंही नाही, सहसा आधी नोटीस येते. त्यामुळे "गुन्हा दाखल होऊनही आत का टाकलं नाही" म्हणून ठाण्यात भांडू नये.

डी-२०१: चोर सापडलाच नाही तर केस बंद?

ए-१०२ (निवृत्त पोलिस अधिकारी): "अ समरी" होते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. (समरी म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल.) पुढे धागा मिळाला तर परत उघडते. "ब" म्हणजे मुद्दाम खोटी तक्रार, "क" म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. समरीची प्रत मागून अक्षर बघा.

सी-७०४ (वकील): आणि सकाळपासून ग्रुपवर एका डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोटो "हाच चोर" म्हणून फिरतोय, तो कृपा करून काढा. तो आज आरोपीसुद्धा नाही. दोषी तर न्यायालय ठरवतं. ग्रुपवर असं लिहिणं म्हणजे बदनामी, कलम ३५६, २ वर्षांपर्यंत शिक्षा. फोटोचा उपयोग होईल असं वाटत असेल तर तपास अधिकाऱ्याला द्या.

सेक्रेटरी: फोटो काढलाय. गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज आहे. पेनड्राइव्हवर घेऊन ४०३ यांना देऊ का?

सी-७०४ (वकील): द्या, पण मूळ डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) तसाच राहू द्या. तो जुन्यावर नवं चढवतो, म्हणून रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची सोय आजच करा. पुरावा म्हणून वापरायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल. त्याचा एक भाग डीव्हीआर सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे ताडायचा सांकेतिक क्रमांक) येते. डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही मोबाइलशी ताडून लिहून ठेवा.

सेक्रेटरी: घड्याळ ११ मिनिटं मागे आहे. लिहून ठेवतो.